कर्ण्यासाठी स्वस्त स्पीकरची निवड

जत्रेत, लग्नमंडपात किंवा निवडणुकीच्या सभेत खांबाला बांधलेला भोंगा भारतातील प्रत्येक माणसाच्या परिचयाचा आहे. भोंग्याच्या मागील बाजूस जे ‘युनिट’ बसवलेले असते, त्यातील कंप पावणारा पडदा तळहातापेक्षाही लहान असतो. हाच पडदा कर्ण्यावाचून मोकळ्या हवेत वाजवला तर त्याचा आवाज अंगणापलीकडे जाणार नाही; पण कर्ण्याच्या टोकाशी तो बसवला की शब्द मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत स्पष्ट ऐकू येतात. या साध्या अनुभवात कर्ण्याचे सारे रहस्य साठवलेले आहे. कर्णा स्वतः कोणतीही शक्ती निर्माण करीत नाही. पडद्यापाशी असलेली शक्ती वाया न जाऊ देता तो ती हवेच्या स्वाधीन करतो.

घरी संगीत ऐकण्यासाठी स्वतःच्या हातांनी कर्णा बांधू पाहणारे हौशी कारागीर जगात सर्वत्र आढळतात. प्लायवूड, सरस आणि स्क्रू यांच्या साहाय्याने कर्णा बांधणे कष्टाचे असले तरी अवघड नाही. खरी अडचण त्याआधीच उभी राहते. या कर्ण्याच्या मागे कोणता स्पीकर बसवावयाचा? येथे ‘स्पीकर’ या शब्दाने पेटीसह असलेला पूर्ण ध्वनिक्षेपक अभिप्रेत नाही. कागदी शंकूच्या आकाराचा पडदा, त्याच्या मुळाशी असलेले तारेचे वेटोळे आणि त्यामागील चुंबक एवढ्याच भागांचा जो सुटा स्पीकर बाजारात मिळतो, तोच येथे अभिप्रेत आहे. कर्णा त्याच्या मापाने कापला जातो. स्पीकर अयोग्य निघाला तर कित्येक आठवड्यांचे सुतारकाम व्यर्थ जाते, कारण एकदा चिकटवलेला कर्णा नंतर दुरुस्त करता येत नाही. म्हणून थोडक्या पैशांत योग्य स्पीकर कसा ओळखावा याचे ज्ञान करवत हाती घेण्यापूर्वीच असणे आवश्यक आहे.

कर्णा नेमके काय करतो

सायकलला हवा भरण्याचा पंप घेऊन त्याचा दांडा नुसताच मागेपुढे केला, तर हाताला फारसा विरोध जाणवत नाही. पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवला की मात्र दांडा जड होतो आणि हाताचे बळ खऱ्या अर्थाने हवेवर खर्च होऊ लागते. मोकळ्या हवेत कंप पावणाऱ्या पडद्याची स्थिती पहिल्या प्रकारची असते. हवा इतकी हलकी आहे की पडदा तिला ढकलू लागताच ती बाजूला सरकते. परिणामी वेटोळ्याला दिलेल्या विद्युत् शक्तीपैकी बहुतेक शक्ती तारेच्या उष्णतेत जाते आणि घरगुती स्पीकरमध्ये सुमारे एक टक्का, पुष्कळदा त्याहूनही कमी शक्ती ध्वनीच्या रूपाने बाहेर पडते.

कर्ण्याचा अरुंद भाग म्हणजे कंठ आणि रुंद भाग म्हणजे मुख. कंठापाशी हवेला बाजूला सरकण्यास वाव नसतो. त्यामुळे पडद्याला तिचा भार जाणवतो. हा भार हळूहळू रुंदावत जाणाऱ्या नळीतून मुखापर्यंत पोहोचेतो मोठ्या दाबाच्या लहान हालचालीचे रूपांतर लहान दाबाच्या विस्तृत हालचालीत होते. विजेच्या क्षेत्रात रोहित्र जे काम करतो तेच काम ध्वनीच्या क्षेत्रात कर्णा करतो असे म्हणता येईल. स्पीकर व कर्णा यांचा मेळ उत्तम जमला तर दिलेल्या शक्तीचा निम्मा भागही ध्वनीत उतरू शकतो, असे सिद्धांत सांगतो. प्रत्यक्षात दहा ते तीस टक्के मिळाले तरी ते यशच होय.

इतिहासाची साक्ष

प्रारंभीच्या काळात कर्णा ही चैनीची वस्तू नसून गरज होती. १९१५ मध्ये पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी कॅलिफोर्नियात चलवेटोळ्याच्या साहाय्याने मोठ्या समुदायाला भाषण ऐकवले, तेव्हा वेटोळ्यापुढे कर्णाच जोडलेला होता. ए. जी. वेबस्टर या अमेरिकन भौतिकीविज्ञाने १९१९ मध्ये कर्ण्याचे गणित प्रसिद्ध केले. १९२५ मध्ये चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्यावाचून चालणारा, कागदी शंकूचा स्पीकर सिद्ध केला. आज घरोघरी दिसणारे बहुतेक स्पीकर त्याचेच वंशज आहेत. परंतु त्याच सुमारास बोलपट अवतरला. त्या काळातील निर्वात नलिकांचे वर्धक फार थोड्या वॅटचे असल्यामुळे शेकडो प्रेक्षकांच्या चित्रपटगृहात कर्ण्याला पर्याय नव्हता. ई. सी. वेंटे व ए. एल. थुरास यांनी बेल प्रयोगशाळेत यासाठी जे युनिट तयार केले, त्यात अत्यंत हलका धातूचा पडदा आणि अत्यंत प्रबळ चुंबकीय क्षेत्र यांची जोड घातलेली होती.

इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी १९३० नंतरच्या दशकात खोलीच्या कोपऱ्यात ठेवावयाचा घरगुती कर्णा प्रचारात आणला. त्यांचा पडदा कागदाचा होता. पण तोही वजनाने हलका आणि त्यामागील चुंबक असाधारण शक्तीचा होता. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४० नंतरच्या दशकात खर्जाच्या लांबलचक कर्ण्याला घड्या घालून तो एका पेटीत सामावला आणि खोलीच्या दोन भिंतींनाच कर्ण्याच्या मुखाचा पुढील भाग बनवले.

या सर्व प्रयत्नांत एक सूत्र समान दिसते. पडदा हलका आणि चुंबक प्रबळ. स्वस्त स्पीकर निवडतानाही हेच सूत्र मार्गदर्शक ठरते.

पैसा कशासाठी मोजावा आणि कशासाठी मोजू नये

आधुनिक स्पीकरची किंमत अनेक गुणांमुळे वाढते. पडद्याने पुढेमागे लांबवर हालचाल करावी म्हणून त्याला रबराची जाड, गोल कड असते. शेकडो वॅट सोसावेत म्हणून वेटोळे मोठे व उष्णतारोधक केलेले असते. लहान पेटीतूनही खोल खर्ज निघावा म्हणून पडदा मुद्दाम जड केलेला असतो. बंद पेटीत बसणाऱ्या स्पीकरला हे गुण उपकारक असतात. पण कर्ण्याच्या दृष्टीने ते बहुतांशी अनावश्यक आणि काही वेळा अपायकारक ठरतात. कर्ण्याच्या भारामुळे पडद्याची हालचाल मुळातच अल्प होते. एक-दोन वॅटमध्ये खोली भरून जात असेल, तर शेकडो वॅट सोसण्याच्या सामर्थ्याचा उपयोग नाही. जड पडदा तर वरच्या स्वरांना मारकच होतो.

यावरून असे दिसेल की कर्ण्यासाठी काटकसर करण्यास पुष्कळ वाव आहे, मात्र ती योग्य जागी केली पाहिजे. लांब हालचाल, मोठी वॅटसंख्या आणि दिखाऊ बाह्यरूप यांवरील खर्च टाळता येतो. चुंबकाची शक्ती आणि पडद्याचा ताठपणा यांवरील खर्च मात्र टाळता येत नाही. नभोवाणी संचातून काढलेला अगदी स्वस्त स्पीकर हलका असतो, पण त्याचा चुंबक दुबळा असतो. मोटारीत खर्जासाठी बसवला जाणारा महागडा स्पीकर मोठ्या चुंबकाचा असतो, पण त्याचा पडदा जड असतो. या दोहोंच्या मध्ये, सभा-समारंभाच्या ध्वनियोजनेसाठी किंवा विद्युत् गिटारसाठी बनवलेला, कागदी शंकूचा आणि घड्या घातलेल्या कापडी किंवा कागदी कडेचा साधा स्पीकर बहुधा सर्वांत उपयुक्त ठरतो.

तीन राशी

चुंबक प्रबळ आहे किंवा पडदा हलका आहे हे केवळ डोळ्यांनी ठरवता येत नाही. चुंबकाचे चक्र मोठे दिसले तरी वेटोळे ज्या फटीत हालते ती रुंद असेल तर क्षेत्र दुबळेच राहते. सुदैवाने ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यानंतर सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या वर्षांत स्पीकरचे वर्तन थोड्या राशींत बांधण्याची पद्धत रूढ केली. १९७७ मध्ये डी. बी. कील यांनी याच राशी खर्जाच्या कर्ण्याला कशा लावाव्यात हे दाखवले. हौशी कारागिराला त्यांपैकी तीन राशी पुरेशा होतात.

पहिली राशी स्वाभाविक कंप्रता. पडद्याला टिचकी मारून सोडले असता तो दर सेकंदाला जितकी आंदोलने करू पाहतो ती ही संख्या. ती हर्ट्झमध्ये मोजतात.

दुसरी राशी विद्युत् गुणांक. आंदोलन करणाऱ्या पडद्याला चुंबक व वेटोळे मिळून किती आवर घालतात हे त्यावरून कळते. पडद्याच्या वजनाच्या मानाने चुंबक जितका प्रबळ तितका हा गुणांक लहान. कर्ण्यासाठी तो ०.२ ते ०.४ च्या दरम्यान असणे इष्ट असते.

तिसरी राशी समतुल्य आयतन. पडद्याच्या कडेची लवचीकता जितक्या हवेच्या लवचीकतेइतकी असेल तितके ते आयतन. ते लिटरमध्ये सांगतात. कड सैल असेल तर ते मोठे आणि ताठ असेल तर लहान असते.

या तीन संख्या हाती आल्या की दोन सोप्या नियमांनी स्पीकरची परीक्षा करता येते.

पहिला नियम वरच्या मर्यादेचा आहे. स्वाभाविक कंप्रतेची दुप्पट करून तिला विद्युत् गुणांकाने भागावे. येणाऱ्या कंप्रतेच्या वर पडद्याचे वजनच त्याच्या आड येऊ लागते आणि कर्ण्यातून निघणारा ध्वनी क्रमाने क्षीण होतो.

दुसरा नियम कंठाचा आहे. स्वाभाविक कंप्रता, विद्युत् गुणांक आणि लिटरमधील समतुल्य आयतन यांचा गुणाकार करून त्याला ०.१८३ ने गुणावे. उत्तर म्हणजे सर्वाधिक कार्यक्षमता देणाऱ्या कंठाचे चौरस सेंटिमीटरमधील क्षेत्रफळ. ते पडद्याच्या क्षेत्रफळापेक्षा लहान यावयास हवे. ते मोठे आले तर त्याचा अर्थ असा की त्या चुंबकाला कर्ण्याचा भार पेलवत नाही. उलट ते पडद्याच्या एक-तृतीयांशाहून फार लहान आले आणि तसाच कंठ ठेवला, तर कंठातील दाबाने पातळ कागदी पडदा वाकण्याचा, प्रसंगी फाटण्याचा धोका असतो.

एक उदाहरण

२० सेंटिमीटर व्यासाचे तीन स्पीकर समोर आहेत अशी कल्पना करू या. तिघांच्याही पडद्याचे उपयुक्त क्षेत्रफळ सुमारे २१० चौरस सेंटिमीटर आहे. ८० पासून ५०० हर्ट्झपर्यंतचा पट्टा, म्हणजे तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा आणि पुरुषी आवाजाचा गाभा ज्यात येतो तो भाग, कर्ण्याने उचलावा अशी अपेक्षा आहे. त्याहून वरच्या स्वरांसाठी वेगळा लहान स्पीकर योजलेला आहे.

‘क’ हा सभेच्या ध्वनियोजनेतील साधा स्पीकर आहे. स्वाभाविक कंप्रता ६० हर्ट्झ, विद्युत् गुणांक ०.२५, समतुल्य आयतन ४० लिटर. त्याची वरची मर्यादा १२० भागिले ०.२५, म्हणजे ४८० हर्ट्झ येते. कंठ ६० × ०.२५ × ४० × ०.१८३, म्हणजे ११० चौरस सेंटिमीटर येतो. पडद्याशी त्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे आहे.

‘ख’ हा जुन्या नभोवाणी संचातील, जवळजवळ फुकट मिळालेला स्पीकर आहे. कंप्रता ९० हर्ट्झ, गुणांक १.२, आयतन २५ लिटर. वरची मर्यादा अवघी १५० हर्ट्झ आणि कंठ सुमारे ४९४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पडद्याच्या दुपटीहून मोठा! या स्पीकरचा पडदा ‘क’पेक्षा हलका असूनही चुंबकाच्या दुबळेपणामुळे तो कर्ण्याला निरुपयोगी आहे.

‘ग’ हा मोटारीतील खर्जाचा, तिघांत सर्वांत महाग स्पीकर आहे. कंप्रता ३५ हर्ट्झ, गुणांक ०.५, आयतन २५ लिटर. कंठ ८० चौरस सेंटिमीटर येतो आणि तो वरकरणी योग्य दिसतो. पण वरची मर्यादा १४० हर्ट्झच आहे, कारण त्याचा हलणारा भाग ५० ग्रॅमच्या आसपास आहे, तर ‘क’चा ११ ग्रॅमहून कमी. अपेक्षित पट्ट्यातील बहुतेक स्वर त्यातून दबलेलेच निघतील.

अशा रीतीने सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग असे दोन्ही स्पीकर बाद होऊन मधला स्पीकर उत्तीर्ण होतो. किंमत ही कर्ण्याच्या दृष्टीने गुणवत्तेची खूण नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

राशी घरी कशा मोजाव्यात

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या लजपतराय मार्केटमध्ये किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर स्वस्त स्पीकर विकत घेताना त्याच्याबरोबर राशींचा तक्ता क्वचितच मिळतो. तक्ता नसल्यास त्या घरी मोजता येतात. त्यासाठी एक लहान वर्धक, १,००० ओहमचा व १० ओहमचा असे दोन रोधक, प्रत्यावर्ती दाब मोजणारा मल्टिमीटर आणि निरनिराळ्या कंप्रतांचे स्वर देणारे साधन लागते. पूर्वी या शेवटच्या साधनासाठी महागडे उपकरण लागे. आता भ्रमणध्वनीवरील विनामूल्य सुविधेने ते काम भागते.

स्पीकर टेबलाच्या कडेला, पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवा मोकळी राहील असा धरून ठेवावा. प्रथम मल्टिमीटरने वेटोळ्याचा सरळ रोध मोजावा. नंतर वर्धकातून सुमारे १० व्होल्टचा स्वर १,००० ओहमच्या रोधकातून आणावा. स्पीकरच्या जागी आधी १० ओहमचा रोधक जोडून त्याच्या टोकांतील दाब पाहावा. तो सुमारे ०.१ व्होल्ट असेल. म्हणजे प्रत्येक ०.०१ व्होल्टला एक ओहम असा हिशेब झाला. आता रोधक काढून स्पीकर जोडावा आणि कंप्रता सावकाश वाढवीत जावी. एका ठिकाणी दाब एकदम चढून कमाल होईल. ती स्वाभाविक कंप्रता होय. त्या वेळचा संरोध लिहून ठेवावा.

समजा, ‘क’ स्पीकरचा सरळ रोध ६ ओहम आणि ६० हर्ट्झला कमाल संरोध १०२ ओहम आला. दोहोंचे गुणोत्तर १७ आणि त्याचे वर्गमूळ ४.१२. सरळ रोधाला या वर्गमुळाने गुणले असता २४.७ ओहम येतात. ६० हर्ट्झच्या खाली व वर ज्या दोन ठिकाणी संरोध बरोबर एवढा होतो त्या कंप्रता शोधाव्यात. त्या ३६.६ व ९८.४ हर्ट्झ निघाल्या तर त्यांतील अंतर ६१.८. आता ६० ला ४.१२ ने गुणून ६१.८ ने भागावे, उत्तर ४. हा पडद्याचा यांत्रिक गुणांक झाला. त्याला १७ वजा १, म्हणजे १६ ने भागले की ०.२५ हा विद्युत् गुणांक मिळतो.

समतुल्य आयतनासाठी पडद्याचे वजन कळावे लागते. खिडकीच्या काचा बसवण्यासाठी सुतार जी चिकट लांबी वापरतात ती सोनाराच्या काट्यावर १० ग्रॅम तोलून घ्यावी आणि तिचे कडे करून पडद्याच्या मध्याभोवती अलगद चिकटवावे. वजनासाठी सध्याची पोलादी नाणी वापरू नयेत. चुंबक त्यांना ओढून घेतो आणि मापन चुकते. लांबी चिकटवल्यावर स्वाभाविक कंप्रता खाली येईल. ती ६० वरून ४३.३ झाली, तर ६० ला ४३.३ ने भागून वर्ग करावा, त्यातून १ वजा करावा आणि १० ग्रॅमला त्या संख्येने भागावे. उत्तर १०.९ ग्रॅम. हे हलणाऱ्या भागाचे वजन होय.

आता आयतन काढण्यास पडद्याचे क्षेत्रफळ लागते. त्यासाठी कडेच्या मध्यापासून समोरच्या कडेच्या मध्यापर्यंतचा व्यास मोजावा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा आणि त्याला १,४२,००० ने गुणावे. नंतर स्वाभाविक कंप्रतेला ६.२८ ने गुणून त्याचा वर्ग करावा, त्याला किलोग्रॅममधील वजनाने गुणावे आणि या संख्येने आधीच्या संख्येस भागावे. ‘क’च्या बाबतीत उत्तर ०.०४ घनमीटर, म्हणजेच ४० लिटर येते. वरील पद्धतीत थोडी चूक राहते. परंतु ‘क’ आणि ‘ख’ यांच्यातील अंतर ओळखण्यास ती अचूकता पुरेशी आहे.

दुकानातच करावयाची परीक्षा

मोजमाप घरी होणार असले तरी काही दोष दुकानातच उघडकीस आणता येतात. दोन्ही हातांची बोटे पडद्यावर समान अंतरावर ठेवून तो हलकेच आत दाबावा. खरखर जाणवली तर वेटोळे फटीत घासत आहे असे समजून तो स्पीकर परत करावा. पडद्यावर नखाने टिचकी मारली असता आवाज कोरडा व आखूड असावा. दमट पुठ्ठ्यासारखा मंद आवाज आला तर कागद मऊ पडलेला आहे. स्पीकरवर छापलेल्या वॅटसंख्येला महत्त्व देऊ नये. ती संख्या स्पीकर किती सोसतो हे सांगते, किती ध्वनी देतो हे सांगत नाही. एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर मिळणारी ध्वनिपातळी छापलेली असेल तर ती पाहावी. २० सेंटिमीटरच्या स्पीकरला ती ९५ डेसिबेलच्या आसपास असेल तर आशेला जागा आहे. शक्य असल्यास दोन स्पीकर एकाच वेळी, एकाच घाटाचे घ्यावेत. पुढे एक बिघडला तर तसाच दुसरा मिळेल याची खात्री स्वस्त मालात नसते.

स्पीकरवरून कर्णा

निवड झाल्यावर कर्ण्याची मापे जवळजवळ आपोआप ठरतात. ‘क’साठी ८० हर्ट्झच्या कर्ण्याचा विचार करू. घातांकी कर्ण्यात छेदाचे क्षेत्रफळ ठरावीक अंतरावर दुप्पट होत जाते. ८० हर्ट्झसाठी ते अंतर सुमारे २४ सेंटिमीटर असते. मोकळ्या जागी मुखाचा घेर एका तरंगलांबीइतका, म्हणजे ४.३ मीटर हवा. तेवढे मुख, सुमारे दीड चौरस मीटरचे, कोणत्याही घरात मावणार नाही. परंतु कर्णा खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवला तर जमीन व दोन भिंती आरशाचे काम करतात आणि एक-अष्टमांश मुख पुरते. ते सुमारे १,८४० चौरस सेंटिमीटरचे, म्हणजे ४३ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढे होते. ११० पासून १,८४० पर्यंत पोहोचण्यास सुमारे ९७ सेंटिमीटर लांबी लागते.

पडद्याच्या मागील बाजूस लहान, हवाबंद कोठी ठेवावी लागते. तिचे आयतन काढण्यासाठी ८० ला स्वाभाविक कंप्रता व विद्युत् गुणांक यांच्या गुणाकाराने, म्हणजे १५ ने भागावे, त्यातून १ वजा करावा आणि समतुल्य आयतनाला त्या संख्येने भागावे. ‘क’साठी ते ९ लिटरच्या आसपास येते. ही कोठी कर्ण्याच्या खालच्या टोकाचा भार समतोल करते. शिवाय तिचा आणखी एक उपयोग आहे. ८० हर्ट्झच्या खाली कर्णा पडद्याला भार देत नाही, आणि तेथे मोठा स्वर आला तर मोकळा सुटलेला पडदा सैरभैर हालून निकामी होऊ शकतो. कोठीतील हवा त्याला आवर घालते. तरीही त्याखालचे स्वर वर्धकातच गाळून टाकणे अधिक सुरक्षित असते.

हे गणित ‘ख’साठी किंवा ‘ग’साठी केले असते तर वेगळाच कर्णा निघाला असता. म्हणूनच कोणा अन्य कारागिराचा आराखडा मिळाला तरी त्यात भलताच स्पीकर बसवणे हितावह नसते. आराखडा आणि स्पीकर ही एकाच वस्तूची दोन अंगे आहेत.

समारोप

कर्णा उदार आहे, पण तो भेसळ खपवून घेत नाही. योग्य स्पीकर मिळाला तर एका लहानशा वर्धकातून तो घर भरून टाकणारा, श्रम न जाणवणारा आवाज देतो. अयोग्य मिळाला तर स्पीकरचे दोषही तितक्याच मोठ्याने बोलून दाखवतो. ज्याच्याजवळ पैसा थोडा आहे त्याने निराश होण्याचे कारण नाही. अमुक स्पीकर महाग म्हणून चांगला आणि तमुक स्वस्त म्हणून वाईट, अशी समजूत सोडून त्याने तीन संख्या मोजाव्यात, दोन नियम लावावेत आणि मगच प्लायवूडवर पेन्सिलीची पहिली रेघ ओढावी. एका संध्याकाळचे हे मोजमाप पुढील कित्येक आठवड्यांच्या कष्टांचे रक्षण करते.